न्हाणीमागचं घंगाळ

इंदूवहिनी गेल्याची बातमी अण्णाने स्वतःच आणली. अण्णा म्हणजे माझा मधला भाऊ, तिचा नवरा. डोंबिवलीला मी शिकवत असे त्या शाळेच्या फाटकापाशी तो टोपी हातात धरून उभा होता आणि सुटलेल्या मुलांना वाट करून देत होता. ताप होता म्हणाला, पहाटे बोलता बोलताच गेली म्हणाला आणि मग एकदम, "दादा काल रात्रीपासून जेवला नाहीये. तू चल." बायको गेलेल्या माणसाने थोरल्या भावाच्या जेवणाची काळजी करावी हे परक्याला चमत्कारिक वाटेल. पण शीळफाट्याच्या अलीकडच्या आमच्या त्या घरात दादा आणि वहिनी यांचं एक भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि दोघं एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. थोरल्या दिरासमोर भावजयीने बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे "वन्सं, त्यांना सांगा" आणि "कमळे, तिला सांग" यांच्यामध्ये मी. लग्न होईपर्यंत मी त्या घरातली बिनपगारी पोस्टमन होते, आणि लग्नानंतरही माहेरी गेले की पिशवी खाली ठेवायच्या आत काम सुरू व्हायचं.

भांडण आंब्याचं होतं. आमच्या परसात एक रायवळ होती, साखरी म्हणत तिला. फळ लहान, पण गोडी अशी की कल्याणहून माणसं मुद्दाम वाट वाकडी करून यायची. आजोबांचा दंडक होता की साखरीचं बी उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. पाहुण्याला पोटभर आंबे घालायचे आणि कोया परत मागून घ्यायच्या! आई त्या कोया न्हाणीतल्या मोठ्या घंगाळात घालून उकळायची, चुकून कुठे रुजायला नकोत म्हणून. गावात म्हणत, यांच्याकडे आंबा खावा पण कोय चोखू नये. वहिनी रत्नागिरीकडची, कलमं बांधणाऱ्याची लेक. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात तिने ते उकळतं घंगाळ पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "वन्सं, आमचे बाबा पहिलं कलम शेजाऱ्याला देतात. आपलं झाड मेलं तर मागायला कुणाच्या दारात जायचं, सांगा बघू?" मी हसले. आईला सांगायची माझी छाती नव्हती.

दादाची बायको बाळंतपणातच गेली होती. मागे राहिलेल्या बाळूला वहिनीने वाढवलं. तो तिच्याच पदराला धरून चालायला शिकला, आणि चोरीही तिच्याच आशीर्वादाने शिकला म्हणायची. आई गेल्यानंतर ते घंगाळ बुडाला भोक पडून परसात लोळत होतं. बाळूने साखरीची एक कोय लपवली, घंगाळात माती भरली आणि ती पुरली. रुजली. दंडक मोडला म्हणून दादा रागावेल, म्हणून वहिनीने घंगाळ न्हाणीच्या मागे नेऊन ठेवलं. आम्हा तिघांचं ते गुपित होतं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाळू साखरीवरून पडला... त्याविषयी मी लिहिणार नाही. दहाव्यालाच दादाने सांगितलं, झाड तोडायचं. फळं लागलेलं झाड तोडत नाहीत म्हणून आंबे उतरेपर्यंत थांबला, मग पावसात चिखलामुळे लाकूडतोडे येईनात. दादा ओटीवर साखरीकडे पाठ करून बसायचा आणि आभाळ कधी निवळतं ते बघायचा. मला वाटलं होतं, वहिनी रडेल, हातापाया पडेल. ती माझ्याशीही बोलली नाही. पाऊस ओसरायला लागला तशी अण्णाकडून साखरीच्या खालच्या फांद्यांशी बांबूचा माच बांधून घेतला. दादाला वाटलं, तोडणाऱ्यांची सोय होतेय. त्याच माचावर तिने गावातून गोळा केलेल्या आंब्याच्या रोपांच्या कुंड्या चढवल्या, आणि पहिलं चढवलं ते बाळूचं घंगाळ. रोपाची आणि फांदीची बोटभर साल एकाच उंचीवर तासायची, कापाला काप लावायचा, केळीच्या सुकल्या सोपटाने करकचून आवळायचं आणि वरून शेणमाती लिंपायची. याला भेट कलम म्हणतात. भेट झाली तरी दोन-तीन महिने फांदी आईलाच धरून राहते, रोप जीव धरीपर्यंत. मग तिला खालून आधी अर्धी खाच द्यायची आणि काही दिवसांनी पुरती सोडवायची. तेवढे दिवस मिळाले पाहिजेत, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिने एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

दसऱ्यानंतर लाकूडतोडे आले. कुऱ्हाडी पाजळून घेऊन, गूळपाणी पिऊन परसात गेले आणि तिथेच उभे राहिले. दादाही मागोमाग गेला. झाडाला चहूबाजूंनी कुंड्या बिलगलेल्या. वहिनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून माचाला टेकून उभी होती. मी हातातला तांब्या खाली ठेवला. ती दादाकडे न बघता त्या लोकांना म्हणाली, "तोडा ना. पण अजून अंगावर पाजतेय ती. बघा, पोरं लावलीयत." त्यांच्यातला म्हातारा पुढे झाला, एका बांधणीला बोट लावून पाहिलं आणि दादाला म्हणाला, "आमी नाय तोरनार, शेट. पाजत्या बाईवर हात नाय टाकीत. ही सुटली का सांगा, मंग येतो." दादाचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्याने कुऱ्हाड स्वतः उचलली. अण्णा मध्ये आला नाही, मीही नाही. दादा माचापर्यंत गेला आणि त्याची नजर कशावर तरी थांबली. कशावर ते मला दिसलं नाही. कुऱ्हाड तिथेच टाकून तो घरात गेला आणि मला म्हणाला, "तिला सांग, सुटली की त्या दिवशी."

पण वहिनी तिला सुटू देईना. पहिली कलमं सोडवायच्या आत तिने दुसरी बांधली. पण इतकी रोपं आणायची कुठून? म्हणून तिने दार उघडलं. कल्याणचे बागवाले आले, खडवलीहून माणसं आपापली कुंडी डोक्यावर घेऊन आली. ज्या घरातून कोय बाहेर जात नव्हती तिथे परसात पोत्यावर बसून वहिनी अनोळखी माणसांच्या हातात चाकू देत होती, आणि अट एकच, पहिलं कलम शेजाऱ्याला. खडवलीच्या एका घाईच्या गृहस्थांनी सोडवताना फांदीऐवजी रोपच कापलं. वहिनी त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही पोराची नाळ कापायच्या ऐवजी मानच कापलीत. बसा, दुसरं बांधा." ते बिचारे पुन्हा तीन महिने कुंडीला पाणी घालायला हेलपाटे मारत राहिले. मला हे सगळं बघून आनंद व्हायचा आणि ओटीवर गेलं की दादाची पाठ दिसायची. महिन्या-दोन महिन्यांनी तो विचारायचा, "सुटली का, विचार." मी विचारायचे. "अजून नाही, म्हणावं." घरात ताटं वाढताना आवाज होऊ नये म्हणून आम्ही जपायचो. दोघांपैकी कोण चुकतंय हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात साखरी फळांनी लगडलेली असताना तिन्हीसांजेला आम्ही दोघी विहिरीवरून परत येत होतो. दादा झाडाखाली उभा होता. मान वर, आणि दोन्ही हात पुढे केलेले... कुणाला तरी झेलायला. वहिनीने माझं मनगट धरलं आणि मला आल्या पावली मागे वळवलं. विहिरीच्या काठावर बसून ती रडली, तशी ती बाळू गेला तेव्हाही रडली नव्हती. त्या पावसाळ्यात खडवलीची माणसं कुंड्या घेऊन आली तेव्हा तिने त्यांना परत पाठवलं. शेवटची कलमं स्वतः सोडवली, माच उतरवला आणि मला म्हणाली, "वन्सं, त्यांना सांगा, सुटली." दादाने सांगितलेली माणसं आली आणि साखरी पडली. वहिनी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. त्यानंतर आमच्या दारात साखरीचं कलम तिने लावलं नाही. दर वैशाखात कुठून कुठून करंड्या यायच्या, त्या ती शेजारी वाटून टाकायची, दादाच्या नजरेला पडायच्या आत.

तेरावं झाल्यावर मी तिच्या वस्तू आवरत होते. चाकू अण्णाने मागून घेतला. घंगाळाची आठवण झाली म्हणून न्हाणीच्या मागे गेले. होतं. बाळूचं रोप, त्यावर साखरीची फांदी, जोडाची गाठ हाताला लागेल एवढी, आणि माझ्या डोक्याच्या वर गेलेला हिरवागार शेंडा. घंगाळातल्या आंब्याला एवढी उंची यावी हे मला कळेना. आता हे नीट कुठेतरी लावू म्हणून मी कड धरून ओढलं, तर ते तसूभर हललं नाही.

"ओढू नकोस," मागून दादा म्हणाला. पंचा खांद्यावर टाकून तो न्हाणीच्या दारात उभा होता. "भोकातून मुळं कधीच खाली गेलीत."

"तुला ठाऊक होतं?"

"माचावर पाहिलं होतं. बाळूचं घंगाळ..." त्याने मोरीकडे हात केला. "झाड तोडलं त्याच वर्षी तिने ते इथे, न्हाणीचं पाणी पडतं त्या मोरीच्या तोंडाशी सरकवलं."

झाड तोडल्यापासून दादाने विहिरीवरची आंघोळ सोडली होती. बारा महिने न्हाणीत, आणि तीही बादल्यांवर बादल्या ओतून. म्हातारपणाचं खूळ म्हणून आम्ही हसायचो. वहिनी मात्र रोज त्याच्यासाठी दोन बादल्या जास्तीच्या भरून ठेवायची, आणि का ते मी कधी विचारलं नाही. त्या दोघांमधला प्रत्येक निरोप माझ्या तोंडून गेला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"पाणी काढून ठेवशील का?" दादा म्हणाला. मी विहिरीवर गेले. दोन बादल्या जास्तीच्या आणल्या.