बाबांना आलेला कवठाचा वास

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. अठरा वर्षं हातात गेज धरून काम केलंय, त्यामुळे जे मोजता येत नाही ते मी खरं धरत नाही. डब्याच्या सुट्टीत भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून जाते. तरीही हे लिहितेय... कारण घडलं ते माझ्याच घरात, आणि मी शेजारी उभी होते.

आम्ही काळेवाडीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी आणि बाबा. आई कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्याच आजारात बाबांना वास येणं बंद झालं, ते कायमचं. आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलेला माणूस – मशीन थंड ठेवणारं कूलंटचं पाणी नासलं की लांबूनच वासाने ओळखायचा – आता गॅसवर दूध करपून काळं झालं तरी शेजारी बसून पेपर वाचत असतो.

आईचं एक झाड गच्चीवर होतं, निळ्या ड्रमच्या अर्ध्या तुकड्यात लावलेलं. आई चिपळूणकडची, बाबा लातूरचे. पिंपरीत अशी लग्नं नवीन नाहीत. तिच्या माहेरी कवठी चाफा होता आणि तोच इथे वाढवायचा हा तिचा हट्ट. नर्सरीवाल्याने तेच नाव सांगून हातभर रोप दिलं. बोअरच्या पाण्याने पानं पिवळी पडायची, म्हणून ती पावसाचं पाणी बादल्यांत साठवायची, मधूनमधून पातळ ताक घालायची. रोज संध्याकाळी वर जाऊन फांद्या चाचपत म्हणायची, "बाई गं, यंदा तरी!" ती असेपर्यंत नऊ वर्षं हे चाललं. पानं बारा महिने हिरवीगार, जाड, चकचकीत. फूल मात्र एकही नाही.

"फसवलंय तुला त्यानं," बाबा हसायचे. "हा कशाचा चाफा!"

गेल्या उन्हाळ्यात सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. रविवारपर्यंत सगळ्या कुंड्या हलवा, अशी नोटीस लागली. बाल्कनीत ड्रम मावणार नव्हता. कंपनीतल्या शेलारदादांची चाकणजवळ शेती आहे, त्यांना फोटो दाखवला.

"ताई, ह्यो चाफा न्हाई," ते म्हणाले. "जांभळाच्या जातीतलं कायतरी हाय. पण द्या, बांधावर लावतो."

मोबाइलच्या ॲपनेही भलतंच नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "देऊन टाक." मला वाईट वाटलं... पण ठरलं. रविवारी टेम्पो येणार.

त्याआधीच्या सोमवारी मी शिफ्टवरून घरी आले, तर बाबा स्वयंपाकघरातले डबे उघडून बघत होते.

"कवठ आणलंस का गं?"

"नाही. का?"

"वास यायलाय. पिकलेल्या कवठाचा. घरभर."

चार वर्षांत त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. मला स्वतःला काहीच येत नव्हतं. त्यांच्या नाकाशी कॉफीची बाटली धरली – काही नाही. अगरबत्ती लावली – काही नाही. फक्त कवठ! अर्ध्या तासाने तोही गेला. मंगळवारी त्याच वेळी पुन्हा आला. बुधवारीही.

गुरुवारी बाबा उठलेच. "वरून यायलाय. चल."

गुडघे धरत, एकेक पायरी करत ते गच्चीवर गेले आणि थेट आईच्या ड्रमपाशी थांबले. "इथं."

मी पान न् पान बाजूला केलं. एका फांदीच्या टोकाला, मान खाली घालून, बोराएवढी हिरवी कळी लोंबत होती. घट्ट मिटलेली. मी नाक अगदी टेकवलं... कसलाही वास नव्हता.

बाबा कठड्याला टेकून उभे राहिले. म्हणाले, "टेम्पो नको सांगू."

मी शेलारदादांना फोन करून माफी मागितली. बाल्कनीतलं वॉशिंग मशीन हॉलमध्ये आणलं आणि त्या जागी ड्रम बसवला. त्या दिवसापासून बाबांना तो वास आला नाही.

कळी मात्र फुगत गेली, अंड्यासारखी पांढरी झाली आणि पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी उमलली. घरभर पिकलेल्या कवठाचा घमघमाट! या वेळी तो मला येत होता. खालच्या काकूंनीसुद्धा वर येऊन विचारलं. कवठी चाफाच होता तो.

मी बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी डोळे मिटून फुलात नाक घातलं.

"येतोय?"

त्यांनी मान हलवली. "काहीच नाही गं."

मग फुलाला बोट लावत हळूच म्हणाले, "तिचंच खरं होतं. तोंडावर कबूल करायचं राहून गेलं."

नाकाच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. कोविडनंतर काहींना नसलेले वास येतात म्हणाले, पण बहुतेक जळकट. झाडाच्या नावातच कवठ आहे, आईची आठवण असेल, हेही मला पटतं. पण जी कळी आम्ही दोघांनी पाहिलीच नव्हती, तिच्यापर्यंत बाबा सरळ चालत कसे गेले? आणि झाड जायच्या त्याच आठवड्यात?

बाबांना विचारलं, तर ते पेपरातून मान वर न करता म्हणतात, "हाक आली, गेलो. त्यात काय एवढं?"