अंड्यावरचं मेण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते मला विचारू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात जीवशास्त्र शिकत होतो आणि अंड्यातल्या पिलाचं रक्त पहिल्यांदा कसं तयार होतं, या एकाच विचारानं झपाटलो होतो. ज्या मूळ पेशींपासून सगळं रक्त घडतं, त्यांना साखर जास्त मिळाली तर त्यांच्यातली वेगळी जनुकं जागी होतील का? सर म्हणाले, आधी नीट शिक. मला वाटलं — यांना काय कळतंय!

उन्हाळ्याच्या सुट्टीत लोणी भापकरला घरी आलो. वहिनीनं खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं, आणि आमच्या घरात अशा बाईला अंडी मांडू देत नसत. तिनं आईशी भांडून मांडली होती. पिलं निघाली असती तर — निदान घरातल्यांची तोंडं तरी बंद झाली असती.

आणि मी? दुपारी सगळी रानात गेली की इंजेक्शनच्या सुईनं अंड्यांत साखरेचं पाणी सोडायचो. भोकावर मेणबत्तीचा थेंब. विजेरीसमोर लाल शिरा दिसल्या की हरखून जायचो. मग शिरा दिसेनाशा झाल्या — तरी मी अंडी गुपचूप कोंबडीखाली सारत राहिलो.

एकही पिलू निघालं नाही.

"म्या म्हनलं न्हवतं? हिच्या हातालाच गुण न्हाय," आई सगळ्यांदेखत म्हणाली. वहिनी नासलेली अंडी उकिरड्यावर टाकायला निघाली होती. मी ओट्यावर चहा पीत होतो.

पुढं माझं लग्न झालं. बायकोच्या डोहाळजेवणाला आईनं वहिनीला ओटी भरू दिली नाही. "अंडीसुदिक जगली न्हाईत हिच्या हातात." मी दारातच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं — नाही का? लाजेनं मेल्यासारखं झालं, आणि तरी मी गप्प राहिलो. भित्रा होतो, दुसरं काय?

त्या संध्याकाळी भांडी घासताना, मान वर न करता वहिनी म्हणाली, "भावजी, अंड्यांवर मेण व्हतं. म्या तवाच बघितलं."

तिनं पुढं काही विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही.

मला मुलगी झाली. वहिनीच्या मांडीवर तिला कुणी कधी दिलं नाही. मीही नाही.