भवानीच्या वेळी इंग्रजी

फजिती माझीच आहे, तेव्हा खुशाल हसा. पण चूक माझी होती, हे मात्र मी आजही मान्य करणार नाही!

झालं असं, की लेकीकडे मेलबर्नला दोन महिने जायचं ठरलं. बायको म्हणाली, "तिथे बाजारहाट जावई करतील. तुम्ही आपले घरात बसा. दुकानात तुमची बोबडी वळेल."

बोबडी? माझी? अहो, वसईत राहायला आल्यापासून आमच्या घरची बाजाराची पिशवी माझ्या हातात आहे. ती मी परमुलखात सोडू? लागलो की मोबाइलवर धडे ऐकायला! रोज एक वाक्य घोटायचं. त्यातलं एक तर फारच आवडलं. काही घ्यायचं नसेल, तर हसून म्हणायचं, "नो थँक्यू, जस्ट लुकिंग."

आता हे वाक्य वापरायचं, तर काही न घेता परत यायला हवं ना? म्हणून मी मुद्दाम गुरुवार निवडला. गुरुवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही. गर्दी नको म्हणून भल्या सकाळीच मासळी बाजार गाठला. मनाशी शपथ घेतली, मराठीचा एक शब्द काढायचा नाही!

ओळखीच्या कोळीण मावशी नुकत्याच टोपली उघडून बसल्या होत्या. मी पापलेट उचललं, कल्ला उघडून बघितला आणि विचारलं, "इज इट फ्रेश?"

"ताजा हाय रे भाऊ. भवानीची वेल हाय, पयलं गिऱ्हाईक तू. दोन घे."

मी धड्यात सांगितल्याप्रमाणे हसलो. "नो थँक्यू, जस्ट लुकिंग."

मावशी ताडकन उभ्या राहिल्या. "भवानीला मासा हातात घेतलास नि रिकामा चाललास? माझा दिवस नासवतोस?"

शेजारची म्हणाली, "जाऊ दे गो, परदेशी असंल."

"परदेशी कसला! रविवारी मांदेली घेतली नि वर मूठभर फुकट मागत होता!"

सुटकेला तीन शब्द पुरले असते, 'मावशी, आज गुरुवार.' पण शपथ म्हणजे शपथ! मी शांतपणे म्हणालो, "हॅव अ नाइस डे."

झालं! बाजारातल्या सगळ्या जणी मला घेरून उभ्या. शेवटी म्हणालो, "ओके, टू." मावशींनी सांगितला तो भाव दिला. घासाघीस? ती धड्यात नव्हतीच हो!

घरी बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं. "अहो, गुरुवार आहे!"

"पण मराठीचा एक शब्द काढला नाही," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"म्हणजे इंग्रजीत 'नको' म्हणालात, आणि तरी दोन पापलेटं घेऊन आलात?"

"हो!"

तिने पापलेटं फ्रीजमध्ये ढकलली.

"मेलबर्नला पिशवी तुम्हीच धरा. 'नको' म्हणायला मी बरोबर येते."