सर्दीच्या गोळ्या आणि धुळ्याचं स्थळ

आधीच माफी मागतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, शब्दही साधेच असतील. नववीत शाळा सोडली ना! पण मी जो घोळ घातला, तो सांगायला भारी शब्द लागतच नाहीत.

मी असोद्याचा. जळगावात एका नर्सिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा करतो. तिथल्या सगळ्या पोरींना मी ताई म्हणतो. ताई म्हटलं की मान वर करून बघावं लागत नाही. लाजाळू आहे हो मी!

आता या ताया वॉर्डात पेशंटला काय सांगतात? "डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही!" आणि कँटीनमध्ये? एकीचं डोकं दुखलं की दुसरीची पर्स उघडते. "घे गं, मला परवा हीच लागू पडली." झाली तपासणी! रोज हे ऐकून मीही स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागलो होतो.

धुळ्याला मुलगी बघायला जायचं, नेमकं त्याच सकाळी माझं नाक गळायला लागलं. आधीची दोन स्थळं मी तोंड उघडलं नाही म्हणून गेलेली. आबांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं होतं, "या वेळेस तरी बोलजो रे बाप्पा!"

मी कँटीनमध्ये शिंकलो मात्र, एका ताईनं गोळी दिली. दुसरी म्हणाली, "ती काय देतेस? दादा, ही घ्या." तिसरी म्हणाली, "माझी घ्या, नाक लगेच बंद!" नाही म्हणायचं तर मान वर करावी लागणार. मी तिन्ही घेतल्या. चहासोबत!

बसमध्ये असा डोळा लागला, वाटेतलं पारोळा कधी गेलं, पत्ता नाही.

मुलीच्या घरी कसाबसा खुर्चीत बसलो. तिचे वडील, नाना, वाकून बघत म्हणाले, "पोरगानी तब्येत बरी शे ना?"

"लाजतो जरा," म्हणत आबांनी मला कोपर मारलं.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. कपांचा आवाज कानावर पडला, अन् मी डोळे मिटूनच, खणखणीत आवाजात म्हणालो, "राहू द्या ताई, कप मी विसळतो!"

नवरी मुलीला ताई! सांगा आता!

आबांनी कपाळावर हात मारला. "दोन स्थळं बोलला नाही म्हनून गेली. हे बोलला म्हनून गेलं!"

मुलीनं मात्र ट्रे ठेवला आणि सरळ माझी नाडी धरली. तीही नर्सिंगचीच!

"काय घेतलंय?"

मी खिशातून रिकाम्या पट्ट्यांचे तुकडे काढून दिले. तिनं ते उलटेसुलटे करून वाचले.

"अहो, नावं तीन, पण औषध एकच! झोप येणार नाही तर काय? कुणी दिलं?"

"नर्सिंगच्या तायांनी."

ती खुदकन हसली. "आमच्या हॉस्टेललाही हेच चालतं."

मग त्यांच्याच पलंगावर मी संध्याकाळपर्यंत घोरलो. ती अधूनमधून येऊन नाडी बघत होती म्हणे. आम्ही निघताना ती नानांना म्हणाली, "मला चालेल मुलगा. कप विसळणारा नवरा कुठं मिळतो? पण आधी खऱ्या डॉक्टरला दाखवून यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहिलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

"काही नाही. लग्न ठरतंय."

त्यांनी हसत हसत तपासलं. मी बाहेर आलो आणि हिंमत करून तिला धुळ्याला फोन लावला.

"दाखवलंत? आता कसं वाटतंय?"

मी छाती पुढे काढली. एकदम जागा, पूर्ण शुद्धीवर, एकही गोळी न घेता म्हणालो,

"एकदम मस्त, ताई!"