बायकोच्या कॅलेंडरातली वादळं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी या उन्हाळ्यात महिनाभर मी नातीच्या कॉम्प्युटरशेजारी बसून काम केलं. ती श्रीरामपूरच्या कॉलेजात शिकते. समुद्रात उठलेल्या जुन्या वादळांच्या सरकारी नोंदी तिने एका तक्त्यात लावल्या होत्या. तारीख, वेळ, वाऱ्याचा जोर, वादळ कुठून कुठं गेलं, असं सगळं. त्यातल्या कुठल्या वादळाचं वारं आमच्या पुणतांब्यापर्यंत पोचलं, ते तिला शेजारच्या रकान्यात हवं होतं. आणि ते फक्त माझ्या बायकोच्या जुन्या कॅलेंडरांत होतं.

बायको जाऊन दीड वर्ष झालं. घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू. ती रोज तारखेच्या चौकोनात काहीबाही लिहायची. "वारं लई. पत्रा उडाला." "कांदा भिजला." मी वाचायचो, नात टाइप करायची. बायकोचं अक्षर वाचता वाचता दिवस बरा जायचा.

एका सकाळी नात थांबली. "आबा, आजीचं जुळत नाही. तीन ठिकाणी वारं एक दिवस आधीच लिहिलंय. वादळ तेव्हा लांब समुद्रात होतं. सर म्हणतात, इतकी चूक असेल तर कॅलेंडरं सोडून दे."

"तुझे सर पाळण्यात हुते तवापासून ती लिहीत हुती."

"असेल. पण आबा, पुरावा द्या की."

मी चौकोन पाहिला. पत्रा उडाला ती वेळ मला पक्की आठवते. आम्ही दोघं गोठ्याचा वासा धरून उभे होतो, आणि दोन-अडीच तासांनी उजाडलं.

"एकादशीला रात्री बारा वाजले म्हणून तुझी आजी उपास सोडायची का?"

"छे. दिवस उगवल्यावर."

"मग तारीख तरी कशी बदलंल? पहाटे तीनला पत्रा उडाला, तर ती आदल्या दिवसातच लिहिणार."

तिने तिन्ही ठिकाणं पुन्हा तपासली. तिन्ही वादळं मध्यरात्र उलटल्यावरच इकडं सरकली होती. "आजी बरोबर आहे," ती म्हणाली, "मीच घड्याळ लावून बसले." आजीची तारीख मात्र तिने खोडली नाही. नवा रकाना काढला, 'उजाडण्याआधी', आणि तिथं खूण केली.

सरांना तिने फोनवर सगळं समजावलं. कॅलेंडरं राहिली. शेवटच्या रकान्यात नोंद कुणाची ते लिहायचं होतं. तिथं तिने ओळीओळीला आजीचं नाव घातलं. मी चष्मा लावून एकेक ओळ वाचून पाहिली. कुठं चूक नव्हती.