माल-सुनच्या छातीतला जुना डाग

गु माल-सुन साठीनंतर लिहायला-वाचायला शिकली आणि सहासष्टाव्या वर्षी तिला विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्याआधीचं तिचं सगळं आयुष्य दक्षिणेकडच्या एका बेटावर, समुद्रातलं शेवाळ काढण्यात आणि वाळवून त्याचे गठ्ठे बांधण्यात गेलं. ती चार बहिणींवरची पाचवी, म्हणून आईबापांनी तिचं नावच 'शेवटची' अशा अर्थाचं ठेवलं होतं. तिला शाळेत कधी घातलं नाही. नवरा गेल्यावर ती प्रौढांच्या वर्गात जाऊन बसली आणि एकेक परीक्षा देत शेवटपर्यंत गेली. तिला इतिहास शिकायचा होता. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायची, लोक सांगतात त्यातलं खरं किती ते वाचून तरी कळेल.

बेटावरून रोज ये-जा जमणार नव्हती, म्हणून तिनं वसतिगृहासाठी अर्ज केला. तिथं राहायचं तर टीबी नसल्याचा दाखला हवा होता. एकोणीस वर्षांच्या पोरांना लागतो तो सहासष्टीच्या बाईलाही लागतो, त्यात सूट नव्हती. फेब्रुवारीच्या थंडीत ती बोटीनं आणि मग बसनं तालुक्याच्या आरोग्य केंद्रात गेली, छातीचा फोटो काढून परत आली आणि अंथरूण-पांघरूण बांधायला बसली.

तिसऱ्या दिवशी फोन आला, पुन्हा या म्हणून.

डॉक्टर तरुण होता, तिच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. त्यानं पडद्यावर फोटो दाखवला. उजव्या बाजूला, वरती, खडूनं रेघोट्या माराव्यात तसं काहीतरी होतं.

"आजी, लहानपणी टीबी झाला होता का?"

"नाही."

"घरात कुणाला?"

"नाही हो. मला साधा खोकलासुद्धा कधी धरत नाही."

डॉक्टर म्हणाला, खूण जुनी दिसतेय, पण नुसत्या एका फोटोवरून तसं लिहून देता येणार नाही. त्यानं तीन दिवसांची, सकाळची थुंकी आणायला तीन डब्या दिल्या आणि कागदावर लिहिलं, पुढील तपासणी आवश्यक. वसतिगृहाच्या कचेरीतली मुलगी फोनवर म्हणाली, आमच्याकडे 'सामान्य' असं लिहिलेलाच कागद चालतो. आरोग्य केंद्र म्हणालं, चालतो की नाही ते विद्यापीठाला विचारा. विद्यापीठानं तिला त्यांच्याच दवाखान्यात पाठवलं. माल-सुन तिथल्या बाकावर बसली तेव्हा आपण आजारी आहोत, की आजारी होतो, की नुसता कागद चुकलाय, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं.

दवाखान्यात प्यो नावाच्या नर्सबाई होत्या. पोरांचे मुरगळलेले पाय आणि परीक्षेच्या आधीच्या पोटदुख्या बघण्यात त्यांची बारा वर्षं गेली होती. या विद्यार्थिनीला काय म्हणून हाक मारावी हे त्यांनाही कळेना. शेवटी त्या मावशीवर येऊन थांबल्या.

"मावशी, डाग नवा की जुना एवढाच प्रश्न आहे. आधी कधी छातीचा फोटो काढला होता?"

माल-सुन म्हणाली, दर दोन वर्षांनी बेटावर तपासणीची गाडी येते, सगळे रांगेत उभे राहतात, तशी तीही राहायची; नवरा गेल्यापासून मात्र गेली नव्हती.

"मग त्याचा निकाल?"

"पोस्टानं यायचा. मला वाचता येत नव्हतं. नवरा वाचायचा."

"काय सांगायचा?"

"सगळं ठीक आहे म्हणायचा."

 ते कागद सापडले तर घेऊन या, एवढंच नर्सबाई म्हणाल्या.

नवरा कागद टाकणारा माणूस नव्हता. कपाटाच्या खालच्या खणात बोटीच्या परवान्यांबरोबर अकरा लिफाफे नीट बांधून ठेवलेले होते. माल-सुन खालून तापवलेल्या गरम जमिनीवर बसली आणि अक्षरांखाली बोट फिरवत वाचायला लागली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीची खूण. उपचाराची गरज नाही. दुसऱ्या लिफाफ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. आपलंच वाचणं चुकतंय असं वाटून तिनं पहिला कागद पुन्हा वाचला. मग नाव तपासलं. मग जन्मतारीख. सगळं तिचंच होतं.

बावीस वर्षं हे पत्र तिच्या घरी येत होतं आणि तिला पत्ता नव्हता. नवऱ्यानं लपवलं म्हणावं, तर लपवणारा माणूस असे कागद जपून ठेवील का? उपचाराची गरज नाही म्हणजे ठीकच, असं समजून त्यानं सांगितलं असेल. की तिच्या या आजाराबद्दल त्याला आधीपासूनच माहीत होतं? विचारायला तो नव्हता.

बहिणींपैकी कुणी उरलं नव्हतं. होता तो एकटा थोरला भाऊ, सांग-देओक. एकोणऐंशीचा, पलीकडच्या बंदराच्या गावात मुलाकडे राहायचा. तिनं त्याला फोन लावला आणि सरळ विचारलं, दादा, मला लहानपणी टीबी झाला होता का?



"अगं, तुला माहीत होतं ना?" तो म्हणाला.

"मला कोण सांगणार होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं. मिठागरापाशी खोपटात ठेवलं होतं की तुला. वर्षभर."

ते खोपट तिला चांगलं आठवत होतं. सातवं वर्ष असेल. म्हातारी आत्या तिथं राहायची, तिच्याकडे माल-सुनला ठेवलं होतं. आई रोज वाम माशाचा रस्सा आणायची, भांडं उंबऱ्यावर ठेवायची आणि वाऱ्याच्या बाजूला लांब जाऊन बसायची. जवळ कधी यायची नाही. सायकलवरून एक माणूस यायचा आणि कुल्ल्यावर सुई टोचायचा. पाचवी मुलगी घरात नको झाली म्हणून आपल्याला बाहेर काढलं, अशी माल-सुननं स्वतःची समजूत करून घेतली होती. साठ वर्षं ती समजूत तशीच राहिली. आई गेली तेव्हा सगळ्या सुना-मुली ऊर बडवून रडल्या, आणि हिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं.

"आई जवळ का येत नव्हती?" तिनं विचारलं.

"सायकलवाल्यानं बजावलं होतं. घरात बाकीच्या चौघी होत्या ना. पण ती लवकर उठून घरी यायची नाही. इतका वेळ काय करतेस तिथं म्हणून बाबा ओरडायचे."

"मग बरी झाल्यावर मला शाळेत का नाही घातलं?"

"ते मला नाही सांगता येणार, माल-सुन. तोवर मी सैन्यात गेलो होतो. मास्तरानं नको म्हटलं असेल. नाहीतर कामाला हात कमी पडत असतील. मुलीला कशाला, असंही असेल. मला खरंच माहीत नाही."

तिनं फोन ठेवला आणि बराच वेळ त्या अकरा कागदांसमोर बसून राहिली. आईवरचा राग तिला तोंडपाठ होता. तो आता चुकीचा ठरला म्हणावा, तर शाळेचं उत्तर मिळालं नव्हतं. बरोबर म्हणावा, तर ती लांब बसलेली बाई पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होती, आणि तिचा चेहरा काही केल्या दिसत नव्हता.

कागदांचा उपयोग मात्र झाला. तरुण डॉक्टरनं जुने फोटो मागवले आणि नव्याशेजारी लावून पाहिले. डाग इतक्या वर्षांत केसभरही वाढला नव्हता. तीन डब्यांतही काही निघालं नाही. त्यानं लिहून दिलं, जुना बरा झालेला टीबी, इतरांना संसर्ग नाही. वसतिगृहाच्या कचेरीतली मुलगी तरी अडून बसली, कारण 'सामान्य' हा शब्द त्यातही नव्हता. तेव्हा नर्स प्यो स्वतः माल-सुनला घेऊन दोन इमारती ओलांडून गेल्या आणि कचेरीत उभ्या राहून म्हणाल्या, "या बाईंच्या छातीत आहे ती बरं झाल्याची खूण आहे. त्यासाठी खोली नाकारायची असेल तर तसं मला लिहून द्या." तसं लिहून द्यायला कुणी तयार होईना. ठरलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी माल-सुनला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. खोलीतली दुसरी मुलगी, हा-ओन, आपल्या आजीपेक्षा मोठी बाई पाहून इतकी गोंधळली की पहिले चार दिवस ती माल-सुनला बाईच म्हणत होती, आपल्या शिक्षिकेला म्हणावं तशी.

एप्रिलमध्ये ती आईच्या थडग्यावर जाऊन आली. गवत काढलं, रीतीप्रमाणे मद्य ओतलं, वाकून नमस्कार केला. बोलायचं बरंच ठरवून गेली होती, पण तिथं काय बोलावं ते सुचेना. थोडा वेळ बसली आणि बोटीची वेळ झाली म्हणून उठली.

दुसऱ्या सहामाहीच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या दवाखान्यात सगळ्या विद्यार्थ्यांची तपासणी झाली. पूर्वीचे आजार, असा एक रकाना होता. माल-सुन पेन हातात घेऊन इतका वेळ उभी राहिली की मागची पोरं चुळबुळ करायला लागली. मग तिनं सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: टीबी, वय सात, घरच्यांनी सांगितलं नाही.

नर्स प्यो यांनी ते वाचलं. "मावशी, इथं फक्त आजाराचं नाव लिहायचं असतं."

"माहीत आहे," माल-सुन म्हणाली. "पण नुसतं नाव लिहिलं तर मलाच ते खरं वाटत नाही."

नर्सबाईंनी कागद तसाच ठेवून घेतला आणि वजनकाट्याकडे बोट दाखवलं.