उजव्या खांद्यावरचा हात

हे लिहावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेली बाई मी. कागदावर असेल तेवढंच बोलायची सवय. घरात रोज पूजा होते, संध्याकाळी दिवा लागतो, पण कुणी "मला अनुभव आला" असं सांगायला लागलं की मी उठून कुकर लावायला जाते. तेव्हा जे घडलं ते जसं घडलं तसं लिहिते. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

माझ्या यजमानांचा नृसिंहवाडीला दर पौर्णिमेला जायचा नेम. एकोणीस वर्षं तो चुकला नव्हता. कोल्हापुरातून सकाळी मोटारसायकल काढायची, वाडीला दत्तमहाराजांच्या पादुकांचं दर्शन घ्यायचं, दुपारी घरी. "महाराजांना भेटून येतो," असं ते गल्लीतल्या मित्राकडे निघाल्यासारखं सांगायचे. मी क्वचित मागे बसून गेले असेन. रांगेत उभं राहणं मला जमत नाही.

मग त्यांना काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं गेलं, समोरचं तेवढं नळीतून बघितल्यासारखं राहिलं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. जुनी गाडी देऊन नवी मोटारसायकल घेतली त्याला तेव्हा चारच महिने झाले होते. जिन्याखाली ती आच्छादन घालून ठेवली आणि यजमानही आच्छादन घातल्यासारखे झाले. मुलगा पुण्याहून म्हणाला, गाडी करून देतो, कारने जा. मी म्हटलं, एसटीने जाऊ. त्यांचं एकच उत्तर, "माझ्या गाडीवरनं जायला जमत न्हाय, तर महाराजांना इथनंच नमस्कार." पौर्णिमा आली की दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचे. अशा सात पौर्णिमा गेल्या. दाढी करणं सुटलं, जिना उतरणं सुटलं, ताटात निम्मं जेवण तसंच राहायला लागलं. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "डोळ्यांचं मी बघतो. पण हा माणूस मनाने खचत चाललाय. यांना घराबाहेर काढा, नाहीतर हे असेच झिजत जातील."

घरी येऊन मी जिन्याखालचं आच्छादन काढलं.

मला मोटारसायकल येते, हे आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. माझं माहेर बिद्रीजवळ. वडील साखर कारखान्यासाठी उसाच्या नोंदी करायला शेतोशेत फिरायचे आणि त्यासाठी त्यांच्याकडे एक जुनी, जड फटफटी होती. बारावीनंतर त्यांनी ती मला शिकवली. लग्नानंतर ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, चालतच जायचे. गाडीला तीस वर्षं हात लागला नाही. लायसन्स मात्र मी दर वेळी नवं करून घेत आले होते, कारण कागदाची मुदत संपू द्यायची नाही, हा माझा स्वभाव.

नव्या गाडीसमोर उभी राहिले आणि काही ओळखीचं सापडेना. किक नाही, बटण. काटा नाही, आकडे. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंदच पडतं, हे समजायला मला दोन सकाळी लागल्या. पण खरी अडचण पायांची होती. वडिलांच्या फटफटीला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. नव्या गाडीत गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे, आणि गिअरची दिशाही उलटी. डोक्याला हे पाच मिनिटांत कळलं. पायांना सांगणारं कुणी नव्हतं.

महिनाभर सकाळी सहाला मैदानावर गेले. शेजारच्या काकी गॅलरीतून म्हणाल्या, "वैनी, आता ह्या वयात शर्यतीत उतरताय काय?" मी म्हटलं, "नंबर आला तर पेढे देते." यजमान काही बोलत नव्हते. पण एका सकाळी मी गाडी लावून वर आले तर अंथरुणातूनच म्हणाले, "क्लच सोडायला घाई करतीस. आवाजावरनं कळतंय." सात महिन्यांत आपणहून बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं. मी चहा ठेवायला गेले.

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी सांगितलं, "उद्या वाडीला जायचं. तुमच्याच गाडीवरून. चालवणार मी." ते म्हणाले, "पाडलीस तर?" मी म्हटलं, "पडू दोघं." सकाळी त्यांनी दाढी केली.

शिरोळपर्यंत बरं चाललं. मागे ते गप्प, सीटमागची कडी घट्ट धरून. पाठीमागे माणूस आहे की पोतं, असं वाटावं इतके गप्प. शिरोळ मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. कारखाने चालू होते, त्यामुळे रस्त्यावर उसाचं वाळकं पाचट सांडलेलं. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. डाव्या हाताच्या शेतातून एक बैलगाडी एकदम रस्त्यावर आली, ट्रॅक्टरने ब्रेक मारला, आणि महिनाभर मैदानावर शिकलेलं सगळं त्या क्षणी पुसलं गेलं. माझा डावा पाय वडिलांच्या फटफटीचा ब्रेक दाबायला गेला. तिथे गिअर होता. गाडी किंचाळली, मागचं चाक सरकलं. मी हँडल आवळून धरलं आणि आम्ही रस्ता सोडून बाजूच्या मऊ मातीत जाऊन थांबलो. चरापासून हातभर अलीकडे. पडलो नाही. इंजिन बंद झालं होतं. पुढची बैलगाडी कडेला झाली, ट्रॅक्टर निघून गेला.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आकडे दिसत होते, दिवा लागत होता, पण गाडी ढिम्म. स्टँड बघितला, वर होता. गिअर काढला, क्लच दाबला. काही नाही. पाचसहा वेळा केलं असेल.

मला वाटलं होतं, हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच खाली उतरले, चाचपडत दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "टेम्पो बोलव. घरी जाऊ. आणि ही गाडी काढून टाक आता." आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. त्या क्षणी मला स्पष्ट कळलं, की आज टेम्पोत बसून परत गेलो तर हा माणूस पुन्हा जिना उतरणार नाही.

मी फोन हातात घेतला. नंबर लावला नाही. देवाला काही मागायची मला सवय नाही. मागायचं तर ते कसं मागतात तेही नीट माहीत नाही. उन्हात उभी राहून मनातल्या मनात एवढंच म्हटलं, "महाराज, मला जमेल तेवढं केलं. आता माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही बघा." ही प्रार्थना होती का, मला सांगता येत नाही. वरिष्ठांच्या टेबलावर फाइल ठेवून बाजूला व्हावं, तसं झालं होतं.

"ताई, लाल बटन दाबलंय नव्हं?"

मागे वळून बघितलं तर ती बैलगाडी हाकणारी बाई. ऊसतोडीला बीडकडून येतात त्यांतली, चाळिशीची. साडीवर पुरुषाचा शर्ट, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, हातभर पाचटाचे ओरखडे. बैल कडेला उभे करून आली होती. मी काही बोलायच्या आत तिने हँडलच्या उजव्या मुठीजवळचं लाल बटण अंगठ्याने वर सारलं. "माझ्या भावाकडं हाय अशी गाडी. पोरं खेळता खेळता हेच दाबून ठिवतेत." ते इंजिन बंद करायचं बटण; हँडल आवळताना माझाच अंगठा त्याच्यावर गेला होता. गाडी सुरू झाली. तिच्यात दुरुस्त करायला काही नव्हतंच.

मी आभार मानले आणि का कोण जाणे, त्या अनोळखी बाईला खरं सांगून टाकलं. "गाडीचं जाऊ द्या, माझा पायच चुकतोय. जुन्या गाडीचा ब्रेक डावीकडं होता. घाई झाली की पाय तिकडंच जातो."

ती हसली. "बैलाचंबी तसंच की. डाव्या अंगाला जुंपायची सवय लागल्याला बैल उजवीकडं जुंपला, तर पहिल्या दिसात सारखा चुकतोय. मी हाणत न्हाई. ज्या अंगानं वळायचंय त्या अंगावर हात ठिवून बसते. हात लागला की त्याला कळतंय." मग ती यजमानांकडे वळली. "दादा, तुमी मागं बसून काय करता?"

"मला दिसत न्हाय," यजमान म्हणाले.

"अजाबात न्हाई?"

"समोरचं दिसतंय. बाजूचं न्हाय."

"मग थांबायचं समोरचं बघूनच असतंय की." असं म्हणून तिने त्यांचा उजवा हात मनगटाशी धरला आणि माझ्या उजव्या खांद्यावर नेऊन ठेवला. गाई-बैलांना हाताळणाऱ्या माणसाचा सरळ, विनासंकोच हात. "थांबायचं आलं की दाबायचं. ह्यो खांदा, ह्यो पाय." माझ्या उजव्या गुडघ्यावर तिने एक थाप मारली. "जावा आता. माझं बैल उन्हात हाईत."

आम्ही निघालो. पहिला फर्लांगभर तो हात नुसता ठेवलेला होता. मग खांद्यावर दाब आला, माझा उजवा पाय आपसूक खाली गेला, आणि समोर गतिरोधक आला. मला तो दिसलाही नव्हता, धुळीने पट्टे पुसले गेले होते. एकोणीस वर्षांचा रस्ता. त्यातला एकेक गतिरोधक त्यांना पाठ होता. पुढे पुन्हा दाब, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या वेळी ते बोलले. "आता हितं उजवीकडं वळण हाय, गिअर उतर आधी." नंतर त्यांचं तोंड थांबेना. एका मोटारीने कट मारला तर मागून ओरडले, "पावणं, रस्ता काय सासऱ्यानं दिलाय काय?" मी हेल्मेटच्या आत हसत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं, ते धुळीने असेल असं समजून मी गाडी चालवत राहिले.

वाडीला पोचलो तेव्हा दुपारची महापूजा सुरू होती. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला, याआधी घरातसुद्धा कधी धरला नव्हता. रांगेत त्यांनी विचारलं, "गर्दी किती हाय?" मी म्हटलं, "तासभर लागेल." तेवढा वेळ आम्ही उभे राहिलो, आणि मला एकदाही कंटाळा आला नाही. पादुकांसमोर ते काही पुटपुटले नाहीत. हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "आलो बघा." बाहेर दुकानात कवठाच्या बर्फीचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी दुकानदाराला सुनावलं, "ही कालची हाय." दुकानदार शपथेवर सांगत होता की आजचीच. दोघांचं चांगलं जुंपलं. मी बाजूला उभी राहून ते भांडण ऐकत होते. आठ महिन्यांत इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

परत येताना त्या शेताजवळ गाडी थांबवली. बाईला बर्फी द्यायची होती. शेत सगळं तुटलं होतं, पाचट पसरलं होतं, माणूस नव्हतं. शेजारच्या मळ्यात पाणी पाजणाऱ्या एका शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "टोळी दुपारीच हालली. बैलगाडीवाली बाई? असतील की, लई असत्यात." शेतातला ऊस संपला की टोळी पुढे जाणार, यात नवल काहीच नाही. यजमान म्हणाले, "महाराजच हुते." मला ते ठरवायचं नाही. मला एवढंच माहीत आहे, की मी फाइल टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या श्वासाला मागून आवाज आला.

त्या दिवसाआधीचे आठ महिने मी सगळं एकटीने धरून ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत घालायचे थेंब, डॉक्टर, घर, आणि शेवटी गाडीही. त्यांना बाहेर काढायचं म्हणजे मी त्यांना उचलून न्यायचं, असंच मी समजत होते. त्यांच्या हाताला माझ्याकडून काम मिळू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते एका परक्या बाईला बैलांवरून सुचलं. सोडून देणं म्हणजे काय, हे मी पोथीत वाचलं होतं. मला वाटायचं ते आळशी माणसांसाठी असतं. त्या मातीत उभं राहून कळलं, की आपलं करून झाल्यावर हात मोकळे करावे लागतात, तरच कुणाला त्यात काही ठेवता येतं.

त्यानंतर एकही पौर्णिमा चुकलेली नाही. डोळे आहेत तसेच आहेत, डॉक्टर म्हणतात तेवढंही पुष्कळ. पौर्णिमेला सकाळी माझ्या आधी हे जिना उतरून गाडीजवळ उभे असतात आणि उशीर झाला म्हणून खालून हाका मारतात. आता मीही रांगेत उभी राहते. पादुकांसमोर डोळे मिटले की मला महाराजांचं कुठलंही रूप दिसत नाही. शर्ट घातलेली, फडकं गुंडाळलेली ती बाई दिसते, बैल उन्हात आहेत म्हणून घाईत असलेली. मी तिलाच नमस्कार करते. तो पोचायचा तिथे पोचत असेल.